वाचकांचे प्रश्न: ठिसूळ हाडं, नाचणी, ऊन आणि न्हाणीघर

गेल्या दोन महिन्यांत हाडांविषयी आलेल्या पत्रांचा गठ्ठा बराच मोठा झाला. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं गाळली आहेत. उत्तरांत औषधांची प्रमाणं दिली आहेत. चालू असलेलं औषध आपण बरोबर घेतोय ना, हे पडताळायला ती वापरावीत. ती वाचून परस्पर औषध सुरू करू नये.

माझं वय ५४, पाळी जाऊन चार वर्षं झाली. गुडघे दुखतात. वाड्यावरच्या शिबिरात टाचेची तपासणी केली तर उणे २.६ आकडा आला. हाडं ठिसूळ झालीत म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. तीन महिने घेतल्या, गुडघे आहेत तसेच. – पर्वरी

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. गुडघे दुखतात ते बहुधा सांध्यातली कूर्चा झिजल्यामुळे. ठिसूळपणा मुळीच दुखत नाही. हाड मोडेपर्यंत तो कळतही नाही, आणि हीच त्याची खोड आहे. त्यामुळे कॅल्शियमने गुडघा थांबला नाही म्हणून गोळी खोटी ठरत नाही. तसंच उद्या गुडघा थांबला तरी हाडं सुधारली असं होत नाही.

आता शिबिरातला आकडा. टाचेचं यंत्र ध्वनिलहरींवर चालतं. त्याचा उपयोग चाळणीपुरता. उणे २.५ ही ठिसूळपणाची रेघ आखली आहे ती ‘डेक्सा’ तपासणीसाठी, म्हणजे खुबा आणि कमरेचे मणके यांच्या घनतेसाठी. त्या तपासणीतला टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करून काढलेला आकडा) उणे १ किंवा त्याहून वर असेल तर हाडं ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर विरळ आणि उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर ठिसूळ. टाचेचा आकडा या पट्टीवर बसवता येत नाही. शिबिरांमधून तो सर्रास बसवला जातो, हे आम्हाला खटकतं.

तुम्ही डेक्सा करून घ्यावी. एरवी बायकांना ती ६५व्या वर्षी सुचवतात. पण पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली असेल, वजन उंचीच्या मानाने फार कमी असेल, आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडलेला असेल, पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडलं असेल किंवा उंची दीड इंचाने घटली असेल तर त्याआधीच करतात. टाचेचा आकडा खाली आला, हेही कारण पुरेसं आहे. पाळी गेल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षं हाड सगळ्यात वेगाने झिजतं आणि तुम्ही नेमक्या त्या काळात आहात.

तपासणीला दहा-पंधरा मिनिटं लागतात. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद ठेवावी, नाहीतर पोटात न विरघळलेली गोळी मणक्यांच्या चित्रात उमटते. पुढची तपासणी वर्ष-दोन वर्षांनी त्याच यंत्रावर करावी. वेगळ्या यंत्रांवरच्या आकड्यांची तुलना होत नाही. आणखी एक गोष्ट. साठीनंतर मणक्यांना झिजेचे काटे फुटतात आणि त्यामुळे कमरेचा आकडा खोटाच चांगला येतो. तेव्हा अहवालात खुब्याचा आकडा आधी पाहावा.

सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत. दूध पचत नाही, म्हणून रोज एक वाटी नाचणीचं सत्त्व देते. सोमवार-गुरुवार सोडून मासे असतातच. एवढं पुरे की गोळी हवीच? – डिचोली

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला १२००. तुमच्या ताटात त्यातलं किती येतं ते पाहू.

नाचणीत १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम असतं. धान्यांत तिला तोड नाही. पण त्यातलं पुष्कळसं दाण्याच्या सालात असतं. सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाटतो आणि फडक्यातून गाळतो. फडक्यात उरलेला चोथा कोंबड्यांना जातो आणि कॅल्शियमचा चांगला वाटा त्याच्याबरोबर जातो! आजारी माणसाला, तान्ह्या बाळाला सत्त्व ठीक. सासूबाईंना चावता येत असेल तर आख्ख्या पिठाची भाकरी द्या. मोड आणून, वाळवून दळलेलं पीठ न गाळता वापरलं तर सगळ्यात चांगलं, कारण मोड आल्यावर कॅल्शियम अडवून धरणारं फायटेट कमी होतं. तिजान (नाचणीची पातळ खीर) करायचं तर तेही याच पिठाचं करावं. दोन मध्यम भाकऱ्यांना ६०-७० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास कॅल्शियम मिळतं.

दूध न पचणाऱ्या बहुतेकांना दही पचतं, कारण विरजणात दुधातली साखर कमी होते. एक मोठी वाटी, म्हणजे २०० ग्रॅम दही घेतलं तर साधारण २४०. ताक मोजताना त्यात पाणी किती घातलं ते आठवावं. एका वाटी दह्याचं चार पेले ताक केलं आणि एकच पेला प्यायलं, तर ६० मिळाले.

तीळ घेताना सालासकट घ्यावेत. दोन मोठे चमचे तिळांच्या चटणीतून दोनशेच्या पुढे कॅल्शियम मिळतं. बाजारातले स्वच्छ पांढरे, पॉलिश केलेले तीळ दिसायला छान, पण साल काढलं की त्यांतलं कॅल्शियम दहाव्या हिश्शावर येतं.

आता मासे. इस्वणाच्या (सुरमईच्या) तुकडीतून प्रथिनं भरपूर मिळतात, कॅल्शियम नावापुरतं. ते काट्यात असतं आणि काटा आपण ताटाच्या कडेला लावतो. म्हणून काट्यासकट खाता येतील असेच मासे धरावेत. लहान तारले साफ करून सोलं (आमसुलं), हळद, मीठ आणि बुडेल इतकं पाणी घालून कुकरमध्ये मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं ठेवले की काटा बोटांनी चुरडतो. आंबटामुळे तो लवकर मऊ होतो. असे चार-पाच तारले म्हणजे २०० मिलिग्रॅमची भर, आणि थोडं ड जीवनसत्त्वही. सुक्या गालम्याच्या (बारीक कोलंबीच्या) किसमूरमध्येही, म्हणजे खोबरं घातलेल्या कोशिंबिरीतही, कॅल्शियम चांगलं असतं. पण खारवलेलं सुकं रोज नको: जास्तीचं मीठ लघवीवाटे कॅल्शियम बाहेर काढतं. संध्याकाळी उकड्या तांदळाची पेज आणि खारातली तोर (कोवळी कैरी) एवढ्यावर भागवणाऱ्या आजी घरोघरी आहेत. त्या जेवणात मीठ भरपूर आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. हाडाचा सांगाडा प्रथिनांचाच असतो. या वयात वजनाच्या दर किलोला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. पेजेबरोबर एक अंडं, मुगाचं कढण किंवा बांगडा असावा.

तांबडी भाजी (लाल माठ), पालक जरूर खावेत, पण हिशेबात धरू नयेत. त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं.

सगळं जमून आलं तर बेरीज साडेआठशेच्या आसपास जाते. सोमवारी-गुरुवारी त्याहून कमी. उरलेल्या साडेतीनशेसाठी एक गोळी पुरे. लेबलावर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ’ असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असतं. ही गोळी जेवणाबरोबर घ्यावी, कारण तिला पोटातलं आम्ल लागतं. आम्लपित्ताची गोळी रोज चालू असेल किंवा बद्धकोष्ठ होत असेल तर सायट्रेट बरं, ते उपाशीपोटीही चालतं. एका वेळी ५०० पेक्षा जास्त घेऊन उपयोग नाही, आतडं तेवढं शोषत नाही. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवावं आणि लोहाच्या गोळीपासून दोन तासांचं. सकाळी थायरॉइड, लोह, कॅल्शियम असा प्रसाद एकदम घेणाऱ्यांना तिन्हींचा पुरता फायदा मिळत नाही.

मला मुतखडा होऊन गेला आहे. कॅल्शियम बंद करू का? – काणकोण

जेवणातलं कॅल्शियम बंद करू नका. ते आतड्यातच ऑक्झलेटला पकडतं. ते कमी केलं तर उलट खडे वाढतात. गोळी मात्र डॉक्टरांना विचारून, जेवणाबरोबरच घ्या. पाणी भरपूर प्या.

मी रोज सकाळी साडेसहा ते सव्वासात मिरामारला चालते. कोवळं ऊन अंगावर घेते. तरी ड जीवनसत्त्व ११ आलं. हे कसं? आणि पाकिटं दिलीत ती किती दिवस घ्यायची? – पणजी

कोवळ्या उन्हाची ख्याती मोठी, पण या कामाला ते उपयोगी नाही. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य वर चढल्यावरच जमिनीपर्यंत पोहोचतात. सकाळी सातला ते वातावरणातच गळून जातात. ओळखायची सोपी खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचंच ऊन कामाचं. गोव्यात डिसेंबरातही साधारण अकरा ते दोन या वेळात तसं ऊन मिळतं. हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत उघडे ठेवून आठवड्यातून तीन-चार वेळा २० ते ३० मिनिटं पुरतात. सावळ्या त्वचेला थोडा जास्त वेळ लागतो. काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन निरुपयोगी, काच ते किरण अडवते. दुपारी अंगणात सोलं वाळत घालायला जाता तेव्हा खुर्ची तिथेच टाकावी. जून ते सप्टेंबर यातलं काही जमत नाही, तेव्हा औषधावरच राहावं लागतं.

तुमचं मिरामारचं चालणं सोडू नका, त्याचा फायदा वेगळा आहे.

रक्तातलं प्रमाण २० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. नेहमीची पद्धत अशी: ६०,००० युनिटांचं पाकीट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, मग महिन्याला एक आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. हे जीवनसत्त्व चरबीत विरघळतं, म्हणून दिवसातल्या मोठ्या जेवणानंतर घ्यावं.

चूक होते ती ‘आठवड्यातून’ या शब्दापाशी. चिठ्ठी नीट न वाचता पाकीट रोज घेतलं जातं, किंवा एक डॉक्टर पाकीट देतात, दुसरे इंजेक्शन आणि तिसऱ्यांच्या कॅल्शियमच्या गोळीतही ड असतंच. मग रक्तातलं कॅल्शियम चढतं. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, वयस्कर माणसांत गोंधळलेपण ही त्याची लक्षणं, आणि मूत्रपिंडाला इजा होते. ‘वर्षाचं एकदम’ अशा मोठ्या डोसाचाही आग्रह धरू नका. सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटं देऊन पाहिलेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात त्या बायका कमी नव्हे, जास्त पडल्या आणि हाडंही जास्त मोडली. त्याचे निष्कर्ष २०१०मध्ये प्रसिद्ध झाले.

आई ७१ वर्षांची. मणक्याचं हाड दबल्यावर हाडांची झीज रोखणारी अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्याला एक अशी दिली. घेतली की छातीत जळजळतं. त्यातच कुणी सांगितलं की या गोळीने जबडा कुजतो. तिने गोळी सोडून दिली. – म्हापसा

आधी एवढंच विचारा की ती गोळी कशी घेत होती. चहाबरोबर घेऊन पुन्हा आडवी होत असेल तर जळजळ होणारच, आणि गोळीही वाया जाणार. या औषधाचा शंभरातला एक भागही जेमतेम रक्तात उतरतो. पोटात चहा, दूध किंवा बिस्किट असेल तर तेवढाही नाही. योग्य रीत अशी आहे: आठवड्यातला एक वार ठरवावा. त्या दिवशी उठल्याबरोबर, काहीही पोटात जायच्या आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी आख्खी गिळावी, चघळू नये. पुढचा अर्धा तास बसून, उभं राहून किंवा चालत काढावा. वाकून केर काढू नये, आडवं तर मुळीच होऊ नये. अर्ध्या तासाने न्याहारी. कॅल्शियम त्या दिवशी दुपारच्या जेवणाला. गोळी अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे जखम करते. पेलाभर पाणी आणि ताठ बसणं एवढ्यासाठीच. वार चुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावी, पुढच्या आठवड्यात पुन्हा ठरलेला वार. दोन गोळ्या एका दिवशी नाहीत.

असं करूनही जळजळलं, गिळताना दुखलं किंवा आईला अर्धा तास बसवत नसेल तर गोळी थांबवून डॉक्टरांना सांगा. गोळीऐवजी वर्षातून एकदा शिरेतून दिलं जाणारं झोलेड्रोनिक ॲसिड आहे, ५ मिलिग्रॅम. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी) आणि कॅल्शियम तपासतात, ड भरून काढतात आणि भरपूर पाणी प्यायला लावतात. पहिल्या खेपेला दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते. त्याला पॅरासिटामॉल पुरतं.

जबड्याचं म्हणाल तर असं होतं हे खरं, पण हाडांसाठी दिल्या जाणाऱ्या प्रमाणात फार क्वचित: वर्षभरात दहा हजारांत एखादा, किंवा त्याहूनही कमी. तुलनेला हे ठेवा की मणक्याचं एक हाड दबलेल्या बाईचं दुसरं दबण्याची शक्यता पुढच्या वर्षभरातच बरीच जास्त असते. हलणारा दात काढायचा असेल तर औषध सुरू करण्याआधी काढून घ्यावा. औषध चालू असताना दात भरणं, साफ करणं चालतं. काढायचा झाला तर दंतवैद्यांना औषधाचं नाव सांगावं. पाच वर्षांनी गोळीला विश्रांती द्यायची का, हे डॉक्टर डेक्सा पाहून ठरवतात. मधेच मांडीत खोलवर दुखू लागलं तर ते लपवू नये: लांबलेल्या उपचारात मांडीच्या हाडाला क्वचित चीर जाते, दुखणं तिची पूर्वसूचना असते.

डेनोसुमॅब या झीज रोखणाऱ्या दुसऱ्या औषधाच्या इंजेक्शनाचं मात्र अगदी उलट आहे. ते दर सहा महिन्यांनी ६० मिलिग्रॅम त्वचेखाली देतात, आणि त्याला विश्रांती नसते. तारीख महिनाभराच्या पुढे गेली किंवा ते परस्पर बंद केलं तर राखलेलं हाड झपाट्याने जातं आणि एकामागून एक मणके दबू शकतात. बंद करायचंच असेल तर त्या जागी दुसरं औषध लागतं. आई मुलीकडे पुण्याला, मुलाकडे दुबईला अशी फिरणार असेल तर पुढची तारीख कालनिर्णयावर आधी लिहा, मग तिकीट काढा.

वडील ६८, दम्याला अधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या घेतात. संध्याकाळी दोन पेग फेणी. पुरुषांना हा आजार होतो का? – सांगे

होतो, आणि पुरुषांत तो उशिरा ओळखला जातो. प्रेडनिसोलोन रोज ५ मिलिग्रॅम सलग तीन महिने घेतलं तर हाडांकडे लक्ष द्यावंच लागतं, आणि नुकसान पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यात जास्त होतं. ‘अधूनमधून’ची वर्षाची बेरीज करून डॉक्टरांना सांगा. गोळी एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. ओढायचा पंप नियमित वापरला तर गोळ्यांची वेळ कमी येते, आणि पंपाचा हाडांवरचा परिणाम त्या मानाने थोडा. काजूची फेणी ४२ टक्क्यांच्या घरातली. घरचा पेग किती मिलिलिटरचा, हे एकदा मापाने पाहा. ३० चे दोन आणि ६० चे दोन यांत हाडांच्या दृष्टीने मोठा फरक आहे, आणि पडण्याच्या दृष्टीने त्याहून मोठा.

रोज पाऊण तास चालतो आणि योगासनं करतो. हाडांसाठी एवढं चालेल ना? – फोंडा

चालणं हृदयाला उत्तम, हाडाला थोडंसं. हाड वाढतं ते भाराने आणि स्नायूच्या ओढीने. पोहणं, सायकल यांत तो भार जवळजवळ नसतो. आठवड्यातून तीन दिवस हे जोडा: हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं १० वेळा, ओटा धरून टाचा उचलणं १५ वेळा, टाचा खाली आणताना किंचित आपटून, भिंतीला हात टेकून दंड १० वेळा, एक लिटरच्या भरलेल्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन खांद्यांच्या वर १० वेळा. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या. सोपं वाटू लागलं की भार वाढवा, फेऱ्या नव्हे. रोज दात घासताना ओट्याजवळ एका पायावर अर्धा मिनिट उभं राहा, मग दुसऱ्या पायावर.

मणक्याची घनता कमी असेल किंवा मणका दबलेला असेल तर पाठ पुढे वळवणारी आसनं सोडा: पश्चिमोत्तानासन, हलासन, पवनमुक्तासन. पुढे वाकताना मणक्याच्या पुढच्या कडेवर भार येतो आणि हाड तिथेच दबतं. भुजंगासन हलकं, नाभी जमिनीला टेकलेली ठेवून करायला हरकत नाही. हाच नियम घरकामालाही: पाण्याची घागर उचलताना गुडघे वाकवा, कंबर नव्हे. आदाळ्यावर (खवणी लावलेल्या विळीवर) खाली बसून नारळ खवणण्यापेक्षा ओट्याला बसवायची खवणी बरी.

आमचं घर जुनं, चिऱ्याचं. मध्ये राजांगण. पावसाळ्यात आजी दोनदा घसरली, नशिबाने मोडलं काही नाही. घरात काय बदलावं? – वाळपई

दोनदा घसरली म्हणजे तिसरी वेळ दूर नाही असं धरूनच कामाला लागा. हे मे महिन्यातच करावं.

चिऱ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी पुन्हा. पायरीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढा. मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला लाल चिरा आणि लाल सिमेंट एकच दिसतं. राजांगणाच्या कडेने चालायची वाट ठरवा आणि तिथे कठडा लावा.

न्हाणीघरात दांडी लावाल ती टॉवेलची नको. अंगाचा पूर्ण भार घेणारी, ३०४ किंवा ३१६ दर्जाच्या स्टीलची घ्या. आपल्या खाऱ्या हवेत साधं लोखंड दोन पावसाळ्यांत गंजतं. चिऱ्याच्या भिंतीत आखूड स्क्रू पकडत नाहीत, गिलाव्यासकट निघून येतात. गवंड्याला लांब अँकर बोल्ट घालायला सांगा आणि काम झाल्यावर घरातल्या सगळ्यात जड माणसाने तिला लटकून पाहावं. उंची जमिनीपासून तीन फुटांच्या जरा खाली. एक दांडी संडासाजवळ, एक बादलीजवळ. प्लॅस्टिकचं स्टूल ओल्या फरशीवर सरकतं. रबरी बुडाचं, रुंद पायांचं घ्या. दाराशी पायपुसणं म्हणून टाकलेली जुनी साडी आज काढा.

आजीच्या झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावं, वाटेत रात्रभर जळणारा दिवा असावा. घरातही मागे पट्टा असलेली, तळ न झिजलेली चप्पल.

तरीही पडली आणि उभं राहता येईना, एक पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळलंय, तर खुबा मोडला असं समजा. पाय ओढू नका, तेल चोळू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. दोन्ही पायांच्या मध्ये उशी घालून ते सैलसर बांधा, १०८ला फोन करा. खायला-प्यायला काही देऊ नका, कारण शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांतच करायची असते.

आणि चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला स्टुलावर कुणी चढायचं, हे आधीच ठरवून टाका. आजीने खाली खुर्चीत बसून आंब्याचे टाळे आणि सुपाऱ्यांचे घोस हातात द्यावेत.